सी टाइप आहे का?

त्या मालिकेचा शेवटचा भाग रात्री साडेआठला येणार होता आणि ‘माझी सगळी तयारी झालीय’ असं मी सातलाच घरात जाहीर करून टाकलं होतं. ‘सगळी तयारी’ हा शब्दप्रयोग मी आता वापरत नाही.

तयारी म्हणजे काय, तर आठवडाभर आधीच मी फोनवर मालिकेचं नाव, त्यातल्या सहा पात्रांची नावं, त्यांच्या ग्रहाचं नाव आणि ‘फिनाले’ हा शब्द म्यूट करून ठेवला होता. भाग यायच्या आधीच फुटलेल्या बातम्या फिरत असतात. व्हिडिओंच्या वाटेला तर मी जातच नव्हतो. तिथे हल्ली व्हिडिओ बघावाही लागत नाही. नुसत्या थंबनेलवर एका पात्राचा काळा-पांढरा फोटो असतो आणि शेजारी तोंडाचा आ करून बसलेला माणूस. कळायचं ते कळतं. एकदा एका नटाचं वय किती असेल म्हणून शोधायला गेलो, तर पात्राच्या नावाची तीन अक्षरं टाइप करेपर्यंत खाली ‘कोणत्या भागात मरतो’ असा पर्याय हजर! वय राहिलं बाजूला.

बायकोची सूचना एकच होती. “हॉलमधल्या टीव्हीवर बघू या ना. लागतो तो.”

‘लागतो तो’ यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र कुठल्याही यंत्राला मिळू शकत नाही, हे मला आज पटतं. त्या दिवशी मी ते उडवून लावलं. कारण मी नवीन मॉनिटर आणला होता. फोर-के. म्हणजे ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल. मी ते मोजले नव्हते, ३८४० गुणिले २१६० केलं होतं. पण घरात आकडा सांगायचा तर शेवटच्या शंभरापर्यंत सांगायचा, अशी माझी पद्धत आहे. शिवाय त्या मॉनिटरला म्हणे एकच वायर लागते. सी टाइपची एक वायर लॅपटॉपला जोडली की तीच चित्र नेते, तीच आवाज नेते आणि वर उलट्या दिशेने लॅपटॉप चार्जही करते. “एक वायर, बास!” हे मी त्या आठवड्यात इतक्यांदा म्हटलं होतं, की मुलगी माझी नक्कल करायला लागली होती.

आठ वाजता मी ती एक वायर घ्यायला उठलो.

खोक्यातून आलेली वायर मी जपून ठेवली होती. जपून ठेवलेल्या वस्तूंचा एक गुण असतो: त्या ठेवल्याचं आठवतं, कुठे ते आठवत नाही. खोक्यात नव्हती. टेबलावर नव्हती. टेबलावर होता तो फक्त चार्जिंगचा छोटा दिवा, आणि तोही भिंतीला लावून चार्ज होत असलेला. राहता राहिला खण.

हा खण माझ्या टेबलाचा सगळ्यात खालचा आणि सगळ्यात खोल. माझ्यासारख्या प्रत्येकाच्या घरात तो असतो. तो उघडायचा म्हणजे आधी हात घालून एक अडॅप्टर आडवा करावा लागतो, मग गुडघ्याने टेबल रेटायचं, मग तो ‘खर्रर्र’ करत अर्धा बाहेर येतो. पूर्ण तो कधीच आलेला नाही. त्यामुळे मागच्या अर्ध्यात काय आहे, याबद्दल घरात मतभेद आहेत.

पुढच्या अर्ध्यातून मी एक टोक धरून ओढलं आणि अख्खा गोळा वर आला. घरट्यासकट पक्षी यावा तसा. वायरी ठेवताना मी गुंडाळून, रबर लावून ठेवतो, हे शपथेवर सांगतो. आत गेल्यावर त्या आपापसात काय करतात, यावर चक्क संशोधन झालंय. २००७ साली दोन शास्त्रज्ञांनी एका पेटीत दोरी टाकून ती पेटी ३,४१५ वेळा फिरवली आणि त्या दोरीत १२० वेगवेगळ्या जातींच्या गाठी सापडल्या. गाठ पडायला काही सेकंद पुरतात म्हणे. या कामाला पुढच्याच वर्षी इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं. मला त्यांचा हेवा वाटला. तेच काम मी पंधरा वर्षं घरच्या घरी करतोय, आणि मला मिळतं ते “हे सगळं एकदा फेकून का देत नाहीस?”

फेकून द्यायचं कसं? त्या गोळ्यातून पहिल्यांदा निघाली ती लाल-पांढऱ्या-पिवळ्या टोकांची वायर. पिवळं चित्राचं, लाल उजव्या कानाचं, पांढरं डाव्या कानाचं. जिला ती जोडायची ती वस्तू घरात नाही. पण असली तर? मग निळ्या डोक्याची, दोन्ही बाजूंना स्क्रू असलेली, जुन्या मॉनिटरची व्हीजीए वायर. पंधरा पिना, १९८७चा जन्म, आणि जाडी अशी की गाडी ओढून न्यावी. मग बारीक पिनचा चार्जर. मग एका कॅमेऱ्याची मिनी यूएसबी. कॅमेरा गेला, वायर मागे राहिली. एक रुंद, चपट्या, तीस पिनांच्या तोंडाची निघाली, २०१२ पर्यंत माझ्या गाणी ऐकायच्या यंत्राला लागायची ती. ती मी क्षणभर हातात धरून बसलो.

“सापडली?” बायकोने आतून विचारलं.

“सापडतेय.”

एकदा, फार वर्षांपूर्वी, मी मोठ्या मनाने एक वायर टाकून दिली होती. चौथ्या दिवशी ती लागली. तेव्हापासून या घरात वायर मरत नाही.

सव्वाआठला मी सी टाइपच्या वायरी वेगळ्या काढल्या. अकरा निघाल्या. मी खूश झालो. अकरा! नको असलेल्या यूएसबीच्या जुन्या, चौकोनी तोंडाच्या वायरी बाजूला सारल्या. त्या जुन्या तोंडाशी माझं कधीच जमलं नाही. पहिल्यांदा लावावी तर जात नाही, उलटी करावी तर जात नाही, पुन्हा सुलटी केली की जाते. यूएसबी घडवणाऱ्यांतले अजय भट्ट यांनी पुढे एका मुलाखतीत सांगितलं होतं, की दोन्ही बाजूंनी चालणारा प्लग केला असता तर तारा दुप्पट लागल्या असत्या आणि खर्चही दुप्पट झाला असता. तर तो वाचलेला खर्च १९९६पासून आम्ही मनगट फिरवून फेडतोय.

२०१४ साली सी टाइप आली आणि तो त्रास संपला. चोवीस पिना, कशीही लावा. नंतर युरोपने तर कायदाच केला आणि डिसेंबर २०२४पासून तिथे विकल्या जाणाऱ्या नव्या फोनना सी टाइपच लागते. म्हणजे जगातली भोकं एकदाची सारखी झाली. वायरींच्या पोटात काय असतं, हे मात्र मला त्या रात्री कळायचं होतं.

“बस तिथे,” मी मुलीला मॉनिटरपुढे बसवलं. “चित्र आलं की सांग.”

पहिली लावली. लॅपटॉपने ‘टुंग’ केलं. म्हणजे चार्ज होतोय. मी हसून मॉनिटरकडे पाहिलं.

“नो सिग्नल, बाबा.”

दुसरी. टुंग. “नो सिग्नल.” तिसरी. टुंग. “नो सिग्नल.” चौथीला टुंगही नाही. पाचवी. टुंग...

“तू सांगू नकोस, मला दिसतंय.”

“तूच म्हणालास सांग.”

प्रकार असा असतो. चित्र न्यायचं तर त्या चोवीस पिनांतल्या वेगवान जोड्यांना पोटातून तारा असाव्या लागतात. फोनबरोबर मिळणाऱ्या बहुतेक वायरींत त्या नसतातच. वीज जाते, फोटो रांगत रांगत जातात, आणि वेग यूएसबी टू पॉइंट ओचा, म्हणजे सेकंदाला ४८० मेगाबिट. हा वेग २००० सालचा. सदरा नवा, आत माणूस तोच. बरं, बाहेरून ओळखावं म्हटलं तर सगळ्या काळ्या, सगळ्या एकाच तोंडाच्या. काही भल्या कंपन्या प्लगवर वेग आणि वॅट छापतात. माझ्या अकरांपैकी एकीवर काहीतरी छापलेलं होतं आणि ते माझ्याच अंगठ्याने पुसलं गेलं होतं. नाव वाचून विकत घ्यावी तर तिथे वेगळाच गोंधळ. जे यूएसबी थ्री पॉइंट ओ होतं त्याचं पुढे थ्री पॉइंट वन जेन वन झालं, मग थ्री पॉइंट टू जेन वन झालं. वेग तिन्हींचा तोच, सेकंदाला पाच गिगाबिट. उधारी चुकवायला नाव बदलून राहणारी माणसं ऐकली होती. वायरही तसं करते हे नव्हतं ऐकलं.

आठ एकतीसला मित्राचा मेसेज आला: “सुरू केलास?”

मी उत्तर दिलं नाही.

बायको आणि मुलगी आतल्या खोलीत गेल्या. “आम्ही थांबलोय हं तुझ्यासाठी,” बायको जाता जाता म्हणाली. मी त्या वाक्याने गहिवरलो आणि जमिनीवर पालथा पडलो. कारण आता खणाच्या मागच्या अर्ध्याचा विषय निघाला होता. आत मिट्ट काळोख. फोनची बॅटरी लावावी तर फोनवर कोण काय पाठवेल याची भीती. म्हणून मी टेबलावरचा तो छोटा दिवा घेतला आणि खणाकडे ओढला. तो पुरेना. त्याची चार्जिंगची वायर आखूड होती आणि वर अशी ताठ, की दिवा सोडला की स्प्रिंगसारखा मागे जायचा. एका हाताने दिवा दाबून धरायचा, दुसरा हात खणात कोपरापर्यंत.

“ही कुठली दळभद्री वायर लावलीय याला!” मी ओरडलो. आतून उत्तर आलं नाही. आत फारच शांतता होती, पण तेव्हा माझं लक्ष नव्हतं.

मागच्या अर्ध्यातून निघालं ते असं: टेलिफोनची वायर, एक रिमोट, एका हेडफोनचा एकच कान, आणि ज्याच्यासाठी मी दोन वर्षांपूर्वी सगळ्या घरावर संशय घेतला होता तो पेनड्राइव्ह. सी टाइप एकही नाही.

नऊ वाजून पाच मिनिटांनी मित्राचा दुसरा मेसेज: “काहीच सांगत नाही. फक्त शेवटची दहा मिनिटं एकटा बसू नकोस.”

याला काहीच न सांगणं म्हणतात! आता कोणीतरी जाणार हे नक्की झालं. मी सहा पात्रांची नावं मनात घेतली आणि तिघांना वाचवलं. या मित्राला म्यूट करायचं राहिलं होतं. शब्द म्यूट करता येतात, हितचिंतक येत नाहीत.

मी दिवा रागाने जागेवर ठेवायला उचलला. वायर पुन्हा ताणली गेली. जाड. ताठ. आखूड. मी थांबलो. भराभर माहिती नेणाऱ्या वायरी अशाच असतात, जाड आणि आखूड. लांबी वाढली की तेवढा वेग टिकवणं अवघड जातं. हे मी स्वतःच गेल्या रविवारी जेवताना घरातल्यांना समजावून सांगितलं होतं. मी तिचं टोक दिव्यातून उपसलं आणि लॅपटॉपला लावलं, दुसरं मॉनिटरला.

टुंग. आणि ८२ लाख ९४ हजार ४०० पिक्सेल एकदम उजळले.

“अगं!” मी आत जाऊन विचारलं. “दिव्याला मॉनिटरची वायर तू लावलीस?”

बायकोने आणि मुलीने घाईघाईने कानातून एकेक इअरफोन काढला. “दिव्याची खराब झाली होती. तुझ्या टेबलावर ही दिसली. चांगली दणकट वाटली. का, चालत नाही का त्याला?”

चालतं. त्याला सगळंच चालतं.

साडेनऊला आम्ही तिघं मॉनिटरपुढे बसलो. भाग सुरू केला आणि पहिल्याच दृश्यात मला काहीतरी खटकलं. तारे धूसर होते. मी हळूच सेटिंग उघडून पाहिलं. चित्र १२८० बाय ७२० येत होतं. फोर-के हवं तर ब्राउझरही ठरावीक लागतो, आणि मॉनिटरपर्यंतच्या सगळ्या यंत्रांनी कॉपी-संरक्षणाच्या कुलुपाची नवी आवृत्ती, एचडीसीपी टू पॉइंट टू, मान्य करावी लागते. माझ्या ब्राउझरला ते मंजूर नव्हतं. फोर-केचा बरोब्बर नववा हिस्सा. बाकीचे आठ हिस्से मी विकत घेऊन नुसते प्रकाशित केले होते.

“छान दिसतंय की,” बायको म्हणाली.

“बघ,” मी म्हणालो आणि सेटिंग बंद केलं.

तिसाव्या मिनिटाला युद्ध सुरू झालं. मी खुर्चीच्या टोकाला. एका प्रसंगात नायकाचा म्हातारा वैमानिक इंजिन बघायला म्हणून एकटाच खाली गेला. काहीच विशेष नव्हतं, संगीतही नव्हतं. तेवढ्यात बायकोने शेजारची उशी उचलली आणि पोटाशी घट्ट धरली. मुलीने तिच्याकडे एक नजर टाकली आणि पटकन माझ्याकडे बघून मॉनिटरकडे वळवली.

तीन सीझन मी या बाईशेजारी बसून काढलेत. ती उशी कधी घेते ते मला माहीत आहे. आणि प्रसंग घडायच्या आधी तिने ती आजवर कधीच घेतलेली नव्हती.

“तुम्ही आत फोनवर काय बघत होतात?” मी विचारलं.

“शू,” बायको म्हणाली, “आत्ता महत्त्वाचं आहे.”