बीबी, हेडसेट आणि पाणी नेमकं शिरतं कुठून: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची कमेंट काल रात्री वाचली, लगेच तावातावाने उत्तर लिहायला बसलोही होतो, पण बायको म्हणाली सकाळी लिही. ते बरंच झालं, कारण रात्रभरात लक्षात आलं की तुमचं निम्मं बरोबर आहे.

ज्यांनी कमेंट वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, पेडलच्या दांड्या (क्रँक) ज्या एक्सलवर फिरतात त्याच्या बेअरिंगचा भाग. मी टूरिंगच्या सायकलला स्क्वेअर टेपरचा, म्हणजे चौकोनी निमुळत्या टोकांच्या एक्सलचा, कार्ट्रिज (सीलबंद) बीबीच लावा, माझा चौदा हजार किलोमीटर टिकला, असं लिहिलं होतं. त्यावर यांचं म्हणणं, "काका, जग हॉलोटेकवर जाऊन वीस वर्षं झाली. दहा मिनिटांत बदलता येतं. तुमची एक सायकल टिकली म्हणजे पुरावा होत नाही, आणि हेडसेटवर तर 'चांगल्या कंपनीचा घ्या' एवढं एक वाक्य टाकून सुटलात." हॉलोटेक म्हणजे शिमानोची बेअरिंग फ्रेमच्या बाहेर बसवायची पद्धत, आणि हेडसेट म्हणजे हँडल ज्यावर फिरतं ती बेअरिंग. (काका म्हटल्याचा राग नाही, वय झालंच आहे.)

आधी पुराव्याचं बोलतो कारण तिथेच मी खरा सापडलोय. माझ्याकडे दुसरीही एक सायकल आहे, स्टीलचीच, आणि तिच्यात हुबेहूब तोच बीबी होता, तीच कंपनी तेच मॉडेल, आणि तो एका पावसाळ्यात गेला. दोन हजार किलोमीटरसुद्धा झाले नव्हते. हे मी लेखात लिहिलं नाही. लपवायचं म्हणून नाही, पण चौदा हजारवाली गोष्ट सांगायला छान वाटते आणि ही वाटत नाही, एवढंच. तो बीबी खोलला तेव्हा शेलमधून (फ्रेमच्या ज्या आडव्या नळीत बीबी बसतो तिच्यातून) चहाचा अर्धा कप भरेल एवढं तपकिरी पाणी बाहेर आलं. ताम्हिणीच्या पावसात मी ती विनामडगार्डची चालवत होतो, सीटपोस्टच्या क्लॅम्पखाली फ्रेमला जी चीर असते ती मागच्या बाजूला असते, म्हणजे बरोबर मागच्या चाकाच्या फवाऱ्याच्या तोंडावर. तिथून पाणी सीट ट्यूबमध्ये (सीटखालच्या उभ्या नळीत), तिथून खाली बीबीच्या शेलमध्ये, आणि शेलला खाली भोकच नाही. बिचारा कार्ट्रिज दोन-तीन महिने पाण्यात बसून होता. आणि चौदा हजारवाल्या सायकलला दोन्ही मडगार्ड आहेत आणि शेलला खाली भोक आहे. म्हणजे टिकला तो स्क्वेअर टेपर होता म्हणून नाही टिकला. हे तुम्ही म्हणालात त्याच्या पुढचं झालं, पण सुरुवात तुमच्या टोमण्यानेच झाली.

आता याच मुद्द्यावर हॉलोटेकच्या बाजूनेही एक गोष्ट सांगून टाकतो जी तुम्ही स्वतः सांगितली नाहीत. त्याच्या बेअरिंग धरणाऱ्या दोन वाट्यांच्या मधे प्लास्टिकचा एक पाईप येतो, तो शेलमधलं पाणी आतल्या बाजूने बेअरिंगपर्यंत जाऊ देत नाही. किती मेकॅनिक तो "हा कशाला" म्हणून फेकून देतात, मी डोळ्यांनी बघितलंय. तुमचा आहे का जागेवर, बघून घ्या.

मग मी अजून स्क्वेअर टेपरला का धरून बसलोय. एक कारण साधं मापाचं आहे. आपल्या नेहमीच्या आट्यांच्या, बीएसए मापाच्या शेलचं भोक १.३७ इंचाचं, त्याच्या आत एक्सल पण बसवायचा आणि बेअरिंग पण. एक्सल बारीक असला तर छर्रे मोठे मावतात. मधे शिमानोने ऑक्टालिंक काढलं, बाकीच्यांनी मिळून आयसिस काढलं, दोन्हीत एक्सल जाड केला, क्रँक मस्त कडक झाली पण छर्रे बारीक झाले आणि बेअरिंग भराभर जायला लागली, आयसिसची तर जास्तच. त्यातून सुटका म्हणून बेअरिंगच शेलच्या बाहेर काढली, ते २००३ च्या आसपास आलेलं हॉलोटेक टू, २४ मिलिमीटरचा एक्सल. युक्ती चांगलीच आहे, फक्त बेअरिंग आता बाहेर चिखलाच्या शेजारी येऊन बसली. कोकणातली तांबडी माती आणि फेरीबोटीतून उतरतानाची ओली वाळू खाल्लेली बेअरिंग हाताने फिरवून बघा, भाकरीत खडा लागल्यासारखं वाटतं.

दुसरं कारण गुहागरचं. कार्ट्रिज जाम झाला, संध्याकाळचे पाच, माझ्याकडे स्पेअर नाही. तिथल्या सायकलवाल्याकडे माझा कार्ट्रिज अर्थातच नव्हता, पण पोरांच्या सायकलींचा चौकोनी टोकाचा एक्सल, दोन वाट्या आणि डबीभर छर्रे होते. आटे तेच, क्रँकचं भोक तेच. मी पान्हा घेऊन चेनच्या बाजूची वाटी नेहमीसारखी उलटी फिरवायला लागलो तर त्याने हात धरला, "तिकडं उलटे आटे असतात ओ, आटे खाल." बरोबर आहे, बीएसएला उजवी वाटी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने सैल होते, आणि मला हे पाठ असूनही दमल्यावर मी विसरलो होतो. एक्सल पाच-सहा मिलिमीटर लांबीला जास्त, चेनलाईन (चेनची सरळ रेष) बिघडली, लहान चेनरिंगवर नुसती करकर, पण दुसऱ्या दिवशी तवसाळ-जयगड फेरी घेऊन रत्नागिरी गाठली. हॉलोटेकची क्रँक असती तर त्याच्याकडचं काहीच बसलं नसतं. तुम्ही म्हणाल स्पेअर वाट्यांची जोडी आणि चावी बरोबर ठेवा, शंभर-दोनशे ग्रॅमचं तर ओझं. मान्य. तेवढं करणार असाल तर तुमचा मुद्दा बसतो, आणि क्रँक पुलर (क्रँक ओढून काढायचं अवजार) वागवावा लागत नाही हा वर फायदा.

आणि दहा मिनिटांचं म्हणाल तर तेही मान्यच, पण डाव्या क्रँकचे दोन बोल्ट १२ ते १४ न्यूटन-मीटर आणि ती प्लास्टिकची टोपी नुसती बोटाच्या जोराने, हे ज्याला माहीत नाही तो दहा मिनिटांत बेअरिंग दाबून मारतोही. स्क्वेअर टेपरची खोड वेगळी आहे. क्रँकचा बोल्ट सैल झाला आणि तुम्ही तशीच पन्नास किलोमीटर हाणली तर ॲल्युमिनियमचं चौकोनी भोक गोल होतं आणि क्रँक भंगारात. शिवाय चौकोनी टोकांची जेआयएस (जपानी) आणि आयएसओ (आंतरराष्ट्रीय) अशी दोन मापं आहेत, जेआयएसची क्रँक आयएसओ एक्सलवर टाकली तर ती चार-साडेचार मिलिमीटर जास्त आत जाते. ऑनलाईन घेताना हे कोणी विचारत नाही आणि मग चेनरिंग फ्रेमला घासतं म्हणून मला मेसेज येतात.

प्रेस-फिटबद्दल (आट्यांशिवाय फ्रेममध्ये दाबून बसवायच्या बीबीबद्दल) मात्र मी एक पाऊलही मागे जाणार नाही. तुम्ही त्याला "मॉडर्न" म्हणालात. फ्रेममधल्या भोकाचं माप जरा चुकलं की कटकट सुरू, दर वेळी ठोकून काढा दाबून बसवा, भोक आणखी सैल, आणि हे सगळं प्रेस असलेल्या दुकानातच. २०१५ मध्ये टी४७ हे शेलचं माप आलं ते याच मोठ्या भोकाला परत आटे पाडून. जे पुढे गेले होते तेच आट्यांवर परत आले, मी फक्त हललोच नव्हतो.

हेडसेट. इथे तुमचा आरोप शंभर टक्के कबूल, आणि त्या एका वाक्याच्या पुढे जे अर्धं वाक्य होतं, की खड्ड्यांच्या दणक्याने वाटीत खळगे पडतात, ते तर चुकीचंच होतं. कॅलिफोर्नियात जॉब्स्ट ब्रँट म्हणून एक इंजिनिअर होते, आल्प्समध्ये वर्षानुवर्षं सायकल हाणलेला माणूस, ते हे आयुष्यभर लोकांना समजावत राहिले. दणक्याने नाही होत. सायकल सरळ चालते तेव्हा हेडसेट फिरत नाही, पण चिमटा (फोर्क) पुढे-मागे किंचित डोलत असतो, छर्रे एकाच जागी थरथरतात, खालचं ग्रीस बाजूला सरकतं आणि धातूवर धातू घासून खळगा होतो. म्हणून तो बरोबर हँडल सरळ असतानाच सापडतो. पुढचं चाक उचलून हँडल हळूच फिरवा, मधोमध आल्यावर अडकल्यासारखं होतंय का बघा. जुने मेकॅनिक यावर पिंजरा काढून सुटे छर्रे भरायचे, छर्र्यांची संख्या बदलली की ते जुन्या खळग्यांत एकदम बसत नाहीत. जुगाड आहे पण डोक्याने केलेला. आताच्या तिरक्या बेअरिंगच्या कार्ट्रिजला बूड टेकायला उतार असतो, हे डोलणं तिथे बऱ्यापैकी जिरतं, म्हणून आता हा रोग कमी दिसतो आणि हेडसेट मरतो तो पाण्याने. तोही खालचा. वरचं बेअरिंग वर्षानुवर्षं नव्यासारखं राहतं आणि खालचं गंजून लाल, कारण पुढचं चाक पाणी सरळ चिमट्याच्या मुळाशी मारतं, आणि भारही जास्त तोच घेतो.

"सील्ड आहे म्हटल्यावर काय बघायचं" असं तुम्ही लिहिलंय. सील म्हणजे बाटलीचं बूच नाही हो. ते धूळ अडवतं, शिंतोडे अडवतं, सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनपुढे ते काही करू शकत नाही. नवीन बेअरिंगमध्ये ग्रीसही कमीच भरलेलं असतं कारण ते हजारो आरपीएमवर तापू नये असा हिशोब, आपली क्रँक फिरते मिनिटाला सत्तर-ऐंशी वेळा आणि हेडसेट तर फिरतच नाही म्हणा. मी ब्लेडच्या टोकाने सील अलगद उचलतो, बोटीचं ग्रीस काठोकाठ भरतो, परत दाबून लावतो. आणि काही कंपन्यांच्या बीबीच्या वाट्यांत तर ६८०५ नंबरचंच बेअरिंग असतं, ते चिंचवडच्या कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतं. तो म्हणेल ६१८०५ आहे, घेऊन टाका, एसकेएफ कंपनीच्या भाषेत तेच.

तुमची फ्रेम ७३ मिलिमीटर बीएसए आणि खाली जाड होणारी हेड ट्यूब (हँडलखालची नळी) आहे असं लिहिलंय, तर तुमच्यासाठी माझा सल्ला बदललेला आहे. हॉलोटेक राहू द्या, चालू क्रँक काढून टेपर लावायला मी सांगणार नाही. स्पेअर वाट्या आणि चावी बॅगेत. हेडसेट महागडा घेण्याआधी पुढच्या मडगार्डला खाली जवळजवळ रस्त्यापर्यंत येणारा रबरी फ्लॅप लावा, जुन्या ट्यूबचा चालतो. लांबच्या टूरला फक्त खालचं बेअरिंग स्पेअर न्या, तुमचं बहुतेक ५२ मिलिमीटरचं असेल, पण जुनं काढून कडेवर कोरलेलं ३६×४५ की ४५×४५ (उताराचे कोन) वाचल्याशिवाय ऑर्डर करू नका. आणि हेडसेट घट्ट करताना आधी स्टेमचे (हँडल धरणाऱ्या भागाचे) बाजूचे बोल्ट सैल, मग वरची टोपी, मग परत बाजूचे. बोल्ट सैल न करता टोपीच पिळत बसणारे मला दर राईडला एक तरी भेटतात.

बाकी या रविवारी एक करा, सीटपोस्ट काढा, सायकल उलटी धरा आणि सीट ट्यूबमधून काय निघतं ते इथेच खाली लिहा. पाणी निघालं तर त्या चिरेवर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा आणि शेलच्या खालचं केबल गाईडचं भोक बुजलंय का बघा.