सेट झालास का?

आमच्याकडे लग्नात अक्षता पडल्यापासून पंगत बसेपर्यंत नातेवाइकांना काही उद्योग नसतो. त्या मोकळ्या वेळात ते मला गाठतात. खांद्यावर हात, आवाज किंचित खाली आणि प्रश्न ठरलेला, "मग, झालास का सेट?"

आता पंचाईत अशी की मी सेट आहे. प्राध्यापकीसाठीची राज्य पात्रता परीक्षा, जिला सगळे सेट म्हणतात, ती मी इंग्रजी विषयात रीतसर पास झालोय. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी ही परीक्षा सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेतं, बसलेल्यांतले जेमतेम ६ टक्के पात्र ठरतात. त्यामुळे मी छाती पुढे काढून "झालो की!" म्हणतो. समोरचा खूश होतो आणि विचारतो, "वा! मग फ्लॅट कुठे घेतलास?"

फ्लॅट! मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतो. तास झाला तर पैसे, सुट्टी पडली तर नाहीत, आणि झालेल्या तासांचं बिल कधी निघेल ते ग्रहमानावर. थोडक्यात, मी सेट झालोय पण सेट झालेलो नाही. हे वाक्य वर्गात फळ्यावर लिहिलं तर विरोधाभासाचं उदाहरण म्हणून खपून जाईल. आत्याला ऐकवलं तेव्हा तिने माझ्या कपाळाला हात लावून ताप बघितला.

यात माझ्यापेक्षा त्या शब्दाचा दोष जास्त आहे. ऑक्सफर्डच्या थोरल्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली निघाली, तब्बल २० खंडांत. त्यात 'सेट' या एकट्या क्रियापदाला ४३० अर्थ दिलेत आणि ती नोंद साधारण ६०,००० शब्दांची आहे. तेवढ्या शब्दांत आपल्याकडे कादंबरी होते, वर तिला एखादा पुरस्कारही मिळून जातो. पुढे २०११ च्या सुमारास कोशवाल्यांनी सांगितलं की पहिला नंबर आता 'रन'चा, अर्थ ६४५. सेट व्हायला निघालेला माणूस शेवटी नुसता धावतच राहतो, हे ऑक्सफर्डला उशिरा का होईना कळलं.

बरं, हा एक शब्दही नाही. दोन आहेत. घड्याळ सेट करतो तो जुन्या इंग्रजीतल्या 'सेट्टन'पासून आलेला, अर्थ सरळ 'बसवणे'. आणि कपबशांचा सेट आला लॅटिनमधल्या 'सेक्ता'पासून, जुन्या फ्रेंचच्या वाटेने. सेक्ता म्हणजे कुणाच्या तरी मागे चालणारे लोक, संप्रदाय. पुढे दोघे दिसायला सारखे झाले आणि कुणाचा अर्थ कुणाच्या घरात शिरला याचा हिशेब राहिला नाही. आत्याच्या शोकेसमध्ये तिच्या लग्नात आलेला टी-सेट आहे. तो आजवर एकदाही बाहेर आलेला नाही, पाहुण्याच्या ओठाला लागलेला नाही, चहा त्याने पाहिलेला नाही. तो मुळात संप्रदाय आहे म्हटल्यावर त्याच्या ब्रह्मचर्याचा उलगडा झाला.

मामांचं सेट मात्र निराळंच. त्यांची सांगोल्याकडे डाळिंबाची बाग. परवाच्या लग्नात मांडवात शिरल्या शिरल्या म्हणाले, "भाच्या, यंदा सेटिंग एक नंबर झाली!"

मी नुकताच एका मुलाखतीला जाऊन आलो होतो. आमच्या जाहिरातीत सेट हवी असं छापतात, सेटिंग हवं असं छापत नाहीत. ते मुलाखतीनंतर कुणीतरी चहाच्या टपरीवर सांगतं. तेव्हा मी हळूच, आपुलकीने विचारलं, "किती लागले?"

"झाडाला ऐंशीच्या आसपास."

"झाडाला?"

"मग काय बांधाला?"

फुलाचं फळ धरलं की डाळिंबवाले त्याला सेटिंग म्हणतात, हे मला तेव्हा समजलं. (इंग्रजीतही फळ 'सेट'च होतं. ४३० मधलं एक मामांनी न शिकता उचललेलं.) मग त्यांनी मला मांडवातच बहार कसा धरायचा ते समजावलं. बागेचं पाणी तोडून आधी ताण द्यायचा, पानगळ करून घ्यायची, छाटणी, खतं, मग पहिलं पाणी. पुढे फुलं. ऐन सेटिंगमध्ये पाऊस आला की फुलगळ, सगळा खेळ मातीत. "पण ताण दिल्याशिवाय सेटिंग नाही, हे लिहून ठेव," मामा म्हणाले. मी म्हटलं, "मामा, ताण मला भरपूर बसलाय, पानगळही झालीय." त्यांनी माझ्या कपाळावरून मागे सरकलेल्या केसांकडे पाहून मान डोलावली. "फक्त पहिलं पाणी कुणी सोडत नाही," मी पुढे म्हटलं.

मामा हळहळले. मग विषय बदलावा म्हणून असेल, त्यांनी विचारलं, "एवढा इंग्रजीचा प्राध्यापक तू, हा शब्द मूळचा कुठला ते तरी सांग."

इतकी वर्षं नातेवाइकांना फ्लॅट सोडून काही जाणून घ्यायचं नव्हतं, मी उचंबळून आलो. म्हटलं, आपण गणपती बसवतो, घट बसवतो, फरशी, दात, नाटकसुद्धा बसवतो. मोडलेलं हाड आपण बसवतो, इंग्रज ते 'सेट' करतात. काम एकच. आणि त्याहून गंमत म्हणजे, इंग्रजीतलं ते सेट आणि आपल्या संस्कृतातला 'सद्' धातू, म्हणजे बसणे, हे एकाच मुळाचे. सदन त्याच्यातलंच. गुरूजवळ बसून मिळवायचं ते उपनिषदही त्याच्यातलंच.

"म्हणजे इंग्रजांचं आणि आपलं नातं निघालं की," मामा म्हणाले.

"लांबचं. आणि सगळे मिळून जिथे बसतात ती संसदही."

शेजारच्या खुर्चीवर इतका वेळ डोळे मिटून बसलेले एक काका एकदम सावध झाले. हे जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले.

"सेटिंग आणि संसद एकाच घरातली?"

"एकाच."

"आणि परिषद?"

"परिषदही."

"तरीच," काका म्हणाले आणि पंगतीत जागा धरायला उठले.