मुक्तिवाहिनी ‘फोटोपुरती’ होती म्हणणाऱ्यांनी टांगाइल जरूर वाचावं

दर वर्षी १६ डिसेंबर जवळ आला की एक मजकूर मराठी ग्रुपांवर फिरू लागतो. त्याचा गोषवारा असा: १९७१ चं युद्ध भारतीय सैन्याने १३ दिवसांत एकट्याने जिंकलं. मुक्तिवाहिनी, म्हणजे बांगलादेशच्या स्वातंत्र्यासाठी लढलेली बंगाली फौज, ही भारताने उभी केलेली, सीमेअलीकडच्या छावण्यांत जेवणारी आणि फोटोसाठी पुढे येणारी पोरं होती. पूर्व पाकिस्तानच्या आत त्यांनी ना लढाई केली, ना इंचभर जमीन धरली. युद्ध संपल्यावर मात्र बांधलेले कैदी मारून शौर्य दाखवलं. आणि शेवटी मराठा पलटणींचा जयजयकार.

जयजयकाराबद्दल काहीच म्हणणं नाही, तो त्या पलटणींनी रक्त सांडून कमावला आहे. पण त्या ज्या जमालपूर–टांगाइल पट्ट्यात लढल्या, तिथल्याच लोकांना या मजकुराने पुसून टाकलंय. याचा मला मनापासून राग येतो, म्हणून एकेक वाक्य घेऊन उत्तर देतो.

‘भारताने उभी केलेली फौज.’ तारखा बघा. २५ मार्च १९७१ च्या रात्री ढाक्यात ‘ऑपरेशन सर्चलाइट’, म्हणजे बंगाल्यांना चिरडण्याची पाकिस्तानी सैन्याची मोहीम, सुरू झालं. राजारबागच्या पोलीस लाइनीत आणि पिलखान्यात, ईस्ट पाकिस्तान रायफल्सच्या मुख्यालयात, बंगाली शिपायांनी त्याच रात्री प्रतिकार केला. त्यानंतर काही दिवसांत ईस्ट बंगाल रेजिमेंटच्या पलटणी एकामागून एक फुटल्या. चितगावला आठवी पलटण मेजर झियाउर रहमान यांच्याबरोबर गेली, जयदेवपूरची दुसरी मेजर शफिउल्लाह यांच्याबरोबर, आणि ब्राह्मणबाडियात चौथीची सूत्रं मेजर खालेद मुशर्रफ यांनी हाती घेतली. ४ एप्रिलला तेलियापाड्याच्या चहामळ्यात हे अधिकारी, पुढे मुक्तिवाहिनीचे प्रमुख झालेल्या कर्नल उस्मानींसह एकत्र बसले. १० एप्रिलला हंगामी सरकार स्थापन झालं आणि १७ तारखेला मेहेरपूरच्या आमराईत त्याचा शपथविधी झाला. भारतीय सैन्याच्या पूर्व कमांडकडे या लढ्याला मदत करण्याचं काम अधिकृतपणे आलं ते एप्रिलच्या अगदी अखेरीस. त्याआधी सीमा सुरक्षा दलाने थोडाफार दारूगोळा दिला होता, एवढंच.

भारताचं देणं पुढच्या महिन्यांत मोठं झालं. छावण्या, प्रशिक्षण, शस्त्रं आणि सुमारे १ कोटी निर्वासितांचा भार, हे सगळं आपण उचललं. ते कोणी नाकारलं तर त्याच्याशीही मी भांडेन. पण फौज आधी उठली आणि मदत नंतर पोचली, हा क्रम उलटा करता येत नाही.

शिवाय सगळेच काही सीमा ओलांडून आले नव्हते. मजकूर लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे फक्त ११ सेक्टरांची, म्हणजे लढ्यासाठी आखलेल्या विभागांची, सीमेलगतची मुक्तिवाहिनी असावी. देशाच्या पोटात, सीमेपासून दूर, आपापल्या इलाख्यात उभ्या राहिलेल्या बाहिन्या (बंगालीत वाहिनी म्हणजे बाहिनी, फौज) त्याला माहीतच नाहीत. टांगाइलची कादेरिया बाहिनी, कोटालीपाड्याची हेमायेत बाहिनी, भालुक्याची आफसर बाहिनी, माणिकगंजची हालिम बाहिनी, मागुऱ्याजवळच्या श्रीपूरची अकबर बाहिनी. बाहिनीला नाव पुढाऱ्याचं, माणसं आसपासच्या गावांतली आणि शस्त्रं बरीचशी शत्रूकडूनच हिसकावलेली. आफसरउद्दीन यांनी तर एका रायफलीवर सुरुवात केली असं सांगतात. हेमायेतउद्दीन दुसऱ्या ईस्ट बंगालचे हवालदार. जयदेवपूरहून निसटून ते आपल्या बिलांच्या, म्हणजे पाणथळ जमिनीच्या, मुलखात परतले आणि तिथल्या पोरांना घेऊन त्यांनी ठाण्यांवर हल्ले सुरू केले. रामशीलच्या लढाईत गोळी त्यांच्या तोंडावर लागली, तरी बाहिनी मोडली नाही.

आता दुसरं वाक्य, ‘आत लढाई केलीच नाही’. इथे टांगाइल जरा सविस्तर सांगायला हवं.

कादेर सिद्दिकी हा पंचविशीच्या आतला तरुण. काही काळ सैन्यात काढून पुन्हा कॉलेजात आलेला, विद्यार्थी चळवळीतला. एप्रिलमध्ये पाकिस्तानी सैन्याने टांगाइल शहर घेतलं तेव्हा बाकीचे पांगले. हा पूर्वेला, मधुपूर गडाच्या साल वृक्षांच्या जंगलाकडे सरकला. ती लाल मातीची, उंच, पुरात न बुडणारी जमीन. रस्ते थोडे, गाड्यांना अवघड. सखीपूरच्या आसपास त्याने ठाणं मांडलं. काही महिन्यांत बाहिनी हजारोंच्या घरात गेली. तिच्या कंपन्या होत्या, दवाखाना होता, निरोप नेणारी पोरं होती, मुलकी कारभार बघणारी माणसं होती आणि ‘रणांगण’ नावाचं पत्रही निघत होतं.

भूगोल लक्षात घ्या, म्हणजे या बाहिनीची किंमत कळेल. जानेवारी १९७१ मधल्या ‘गंगा’ विमानाच्या अपहरणानंतर भारताने पाकिस्तानी विमानांना आपल्या आकाशातून जायला बंदी केली होती. त्यामुळे पश्चिमेकडची माणसं विमानाने श्रीलंकेला वळसा घालून यायची आणि जड सामान समुद्रमार्गे चितगावला. तिथून पुढे उत्तरेकडच्या छावण्यांपर्यंत रेल्वे नाहीतर नदी. रेल्वेचे पूल उडत होते, म्हणून नदी. आणि जमुना, म्हणजे ब्रह्मपुत्रेचाच खालचा प्रवाह, टांगाइलच्या कडेने वाहते.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात भुयापूरजवळ माटीकाट्याला, उत्तरेकडे निघालेल्या ताफ्यातल्या दारूगोळ्याने भरलेल्या दोन जहाजांवर कादेरिया बाहिनीच्या हबीबुर रहमान यांच्या तुकडीने मोर्टार आणि मशीनगन चालवल्या. जहाजं हातात आली. गावकऱ्यांनी पेट्या उतरवल्या, नेता आल्या तेवढ्या नेल्या आणि मग जहाजांना आग लावली. पाकिस्तानी सैन्याने सूड म्हणून त्या पट्ट्यावर विमानं घातली. हबीबुर रहमान यांना लोक पुढे ‘जहाजमारा’ म्हणू लागले. काही दिवसांतच माकडाईच्या चकमकीत कादेर स्वतः जखमी झाला आणि उपचारासाठी त्याला भारतात यावं लागलं. तो नसतानाही बाहिनी लढत राहिली. सीमेअलीकडे बसून कोणी जमुनेवर जहाज पकडत नाही.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट. १५ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज या चार बंदरांत एकाच वेळी जहाजांना भगदाडं पडली. छातीला लिंपेट माइन (जहाजाला चिकटवायचा सुरुंग) बांधून पोहत गेलेले हे बंगाली नौदल कमांडो. त्यांच्या तुकडीचा गाभा होता फ्रान्समध्ये तुलाँ इथे ‘मांग्रो’ पाणबुडीवरून पळून आलेले आठ बंगाली नौसैनिक. प्रशिक्षण भारतीय नौदलाने प्लासीजवळ भागीरथीच्या पात्रात दिलं. हल्ल्याचा इशारा आकाशवाणी कलकत्त्यावर लावलेल्या ठरावीक गाण्यांतून मिळायचा. इथे श्रेय वाटून घ्यायला पुष्कळ जागा आहे. योजना दोघांची होती, पण रात्रीच्या पाण्यात उतरलेली शरीरं बंगाली पोरांची होती.

खुद्द ढाक्यात दुसऱ्या सेक्टरच्या, शहरात गनिमी काव्याने लढणाऱ्या पोरांनी ९ जूनला हॉटेल इंटरकॉन्टिनेंटलवर बाँब टाकले. तिथे परदेशी पाहुणे आणि पत्रकार उतरले होते आणि ‘सगळं सुरळीत आहे’ असं त्यांना दाखवायचं चाललं होतं. पुढे वीजकेंद्रं उडवली. ऑगस्टच्या अखेरीस यातले अनेक जण घराघरांतून उचलले गेले. त्यांत शफी इमाम रूमी हा तरुण होता, संगीतकार अल्ताफ महमूद होते, क्रिकेटपटू ज्युएल होता. ते परत आले नाहीत. त्यांना ‘फोटोसाठी पुढे येणारी पोरं’ म्हणायला जीभ कशी रेटते?

‘इंचभर जमीन’ हे वाक्य लवकर निकालात निघतं. ब्रह्मपुत्रेच्या पलीकडचं रौमारी आणि उत्तरेच्या टोकाचं तेतुलिया हे भाग युद्धभर मुक्तच राहिले. रौमारीत तर प्रशिक्षण चालायचं. त्याच राजीबपूर–रौमारी पट्ट्यात तारामन बीबी ही चौदा-एक वर्षांची मुलगी छावणीत स्वयंपाकाला आली, बंदूक शिकली, टेहळणीला गेली, लढली. तिला वीरप्रतीक हा शौर्यसन्मान जाहीर झाला १९७३ मध्ये, आणि ते तिला कळलं १९९५ मध्ये. सखीपूरच्या जंगलपट्ट्यातही मोठ्या फौजेशिवाय पाकिस्तानी सैन्य शिरत नसे.

आता ‘१३ दिवस’ आणि आपल्या मराठा पलटणी.

३ डिसेंबरला युद्ध जाहीर झालं आणि १६ ला संपलं, हे खरं. पण मेघालयातून जमालपूरकडे उतरणाऱ्या वाटेवरचं कमालपूर हे ठाणं घ्या. ३१ जुलैला पहिल्या ईस्ट बंगालने त्यावर हल्ला केला, त्यात कॅप्टन सलाहउद्दीन मुमताज पडले. १४ नोव्हेंबरला याच ठाण्यापुढे ११ व्या सेक्टरचे प्रमुख अबू ताहेर यांचा पाय गेला. वेढ्यात झिजलेलं ते ठाणं ४ डिसेंबरला शरण आलं. म्हणजे भारतीय ९५ माउंटन ब्रिगेड ज्या वाटेने खाली उतरली तिच्यावर आधीचे चार महिने रक्त सांडत होतं.

त्याच ब्रिगेडमध्ये पहिली मराठा लाइट इन्फन्ट्री होती, आपली जंगी पलटण. लेफ्टनंट कर्नल कुलदीपसिंग ब्रार यांच्या हाताखाली तिने जमालपूरची दक्षिणेकडची वाट अडवली. ९ डिसेंबरला ब्रिगेडियर क्लेर यांनी तिथल्या ३१ बलुच या पाकिस्तानी पलटणीच्या कर्नल सुलतान यांना शरण येण्याचं पत्र पाठवलं. उत्तरात कागदात गुंडाळलेली गोळी आली, आणि पुढच्या भेटीत हातात लेखणीऐवजी स्टेनगन असू द्या असा निरोप. हा किस्सा आपल्याकडे आवडीने सांगतात. पण पत्र घेऊन पांढरं निशाण लावलेल्या सायकलवरून शत्रूच्या गोटात गेलं कोण, हे कुणी सांगत नाही. जोहुरुल हक मुन्शी, मुक्तियोद्धा. आत त्यांना बेदम मारहाण झाली, दात पडले, तरी ते उत्तर घेऊन परत आले. १० च्या रात्री बलुचांनी बाहेर पडायचा प्रयत्न केला, तो मराठ्यांनी मोडला. दोन्ही गोष्टी एकाच लढाईतल्या आहेत.

११ डिसेंबरला दुपारनंतर टांगाइलच्या उत्तरेला दुसरी पॅरा बटालियन उतरली. ही मुळात मराठा लाइट इन्फन्ट्रीचीच पलटण, पुढे पॅराशूट रेजिमेंटमध्ये गेलेली. लेफ्टनंट कर्नल पन्नू यांच्या जवानांनी संध्याकाळी लोहाजंग नदीवरचा पुंगली पूल घेतला आणि मैमनसिंग–जमालपूरहून ढाक्याकडे मागे सरणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट तोडली. आता विचार करा, शत्रूच्या प्रदेशात भरदिवसा सातशेवर माणसं छत्र्यांनी उतरवायची हिंमत कशाच्या जोरावर झाली? कॅप्टन पी. के. घोष आधीच आत जाऊन कादेरिया बाहिनीबरोबर राहिले होते. उतरायची जागा तिच्या ताब्यातल्या मुलखात होती. विखुरलेलं सामान गोळा करायला गावकरी धावले. टांगाइल शहर त्याच दिवशी मुक्त झालं. दुसऱ्या दिवशी जंगी पलटण पुंगलीला येऊन या पलटणीला भेटली. मराठा पलटणींचा अभिमान वाटणाऱ्याला या हकिकतीतून टांगाइलची माणसं वगळताच येणार नाहीत.

याची दुसरी बाजूही सांगतो. पूर्व कमांडचे तेव्हाचे चीफ ऑफ स्टाफ जेकब यांनी पुढे तक्रार केली की मागे हटणाऱ्या पाकिस्तानी तुकड्यांना कादेरच्या माणसांनी अपेक्षेप्रमाणे अडवलं नाही. तक्रारीत तथ्य असावं असं मला वाटतं. छापे घालण्यात वाकबगार झालेली माणसं एका आख्ख्या ब्रिगेडपुढे मोर्चा धरून उभी राहतील ही अपेक्षाच जास्त होती. रणगाडे नाहीत, तोफा जवळपास नाहीत, विमानं नाहीत. ढाका त्यांना एकट्याने घेता आलं नसतं. बांगलादेशातही काही जण भारताचा वाटा पुसून सांगतात, तेही तितकंच चूक. पण गावोगावच्या ठाण्यांत आणि पुलांवर वाटली गेलेली, रात्री बाहेर न पडणारी, वाट विचारायलाही कोणी नसलेली फौज आपल्या सैन्यासमोर होती, आणि तिला तसं करून ठेवण्यात आठ महिने गेले होते.

शरणागतीचा कागद तर कोणालाही पाहता येतो. त्यात जनरल अरोरा यांचा उल्लेख पूर्व रणभूमीवरील भारत आणि बांगलादेश या दोन्ही सैन्यांचे प्रमुख असा आहे. समारंभाला बांगलादेशच्या बाजूने ग्रुप कॅप्टन खंदकार हजर होते. आणि त्या सकाळी भारताचे मेजर जनरल नागरा पूर्वेकडच्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख नियाझी यांच्या मुख्यालयात शिरले तेव्हा त्यांच्याबरोबर कादेर सिद्दिकी होता.

राहिलं कैद्यांचं. हे खरं आहे आणि ते झाकायचं कारण नाही. १८ डिसेंबरला ढाक्याच्या पलटण मैदानावर, कादेर सिद्दिकीच्या सभेत, पाकिस्तानला साथ दिल्याचा आरोप असलेल्या बांधलेल्या माणसांना त्याच्या माणसांनी संगिनी खुपसून मारलं. परदेशी छायाचित्रकारांनी ते टिपलं, त्या छायाचित्रांना पुलित्झर हा पत्रकारितेतला पुरस्कार मिळाला. नऊ महिन्यांच्या कत्तली आणि बलात्कारांनंतरचा संताप समजू शकतो, पण हात बांधलेल्या माणसाला मारणं हा गुन्हाच होता. त्याबद्दल कोणी कादेरवर कठोर बोलत असेल तर मी त्याच्या बाजूने आहे. मात्र या एका दिवसावरून ‘ती फौज नव्हे, टोळी होती’ असं म्हणायचं असेल तर पुढचा महिनाही सांगा. २४ जानेवारी १९७२ ला शेख मुजीब टांगाइलला गेले. तिथल्या बिंदुबासिनी शाळेच्या मैदानावर कादेरिया बाहिनीने आपली शस्त्रं त्यांच्यापुढे ठेवली. त्यांत माटीकाट्याच्या जहाजांसारख्या छाप्यांतून मिळवलेली शस्त्रं होती आणि आपण दिलेलीही होती.