अ‍ॅस्पिरिनला या फुलाने नाव दिले, औषध नव्हे

‘युरोपातील मेडोस्वीट या पांढऱ्या रानफुलापासूनच अ‍ॅस्पिरिन बनते, तेव्हा गोळी सोडा आणि या फुलांचा चहा घ्या, गुण तोच आणि पोटाला अपाय नाही,’ असा मजकूर मोठ्या हौसेने पुढे पाठवला जातो. त्यात सत्याचा अंश आहे, म्हणूनच तो खोडून काढणे जिकिरीचे होते.

फुलापासून अ‍ॅस्पिरिन बनते, हे पहिले विधान. ओलसर कुरणांत आणि ओढ्याकाठी वाढणारी ही गुलाबाच्या कुळातील बहुवर्षायू वनस्पती पूर्वी ‘स्पायरिया’ या प्रजातीत गणली जाई. तिच्या फुलांच्या अर्कातून रसायनशास्त्रज्ञ कार्ल लोविग यांनी १८३५ मध्ये एक आम्ल मिळवले आणि वनस्पतीवरून त्याला ‘स्पीर’ आम्ल म्हटले. ते म्हणजेच सॅलिसिलिक आम्ल. मात्र १८९७ मध्ये बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी शुद्ध अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल, म्हणजेच अ‍ॅस्पिरिनचे औषधी द्रव्य, तयार केले, तोवर सॅलिसिलिक आम्ल फिनॉल या रसायनापासून कारखान्यात बनू लागून वीसेक वर्षे झाली होती. अ‍ॅसिटिलमधला ‘अ‍ॅ’, स्पायरियातला ‘स्पिर’ आणि शेवटी ‘इन’ असे ‘अ‍ॅस्पिरिन’ हे नाव जुळवले गेले. घराला आजोबांचे नाव दिले म्हणून त्याच्या विटा आजोबांनी भाजल्या असे होत नाही.

खरा घोळ ‘गुण तोच’ या दोन शब्दांत आहे. मेडोस्वीटचे पान बोटांत चुरडले तर आपल्याकडच्या गंधपुऱ्याच्या तेलाची, म्हणजे दुखऱ्या गुडघ्यांवर चोळायच्या मलमाची आठवण करून देणारा वास येतो, आणि तो सॅलिसिलेट गटातील, म्हणजे सॅलिसिलिक आम्लाच्या नात्यातील द्रव्यांचाच असतो. या फुलापानांत सॅलिसिलेटे आहेत, पण अ‍ॅसिटिल सॅलिसिलिक आम्ल नाही. अ‍ॅस्पिरिनमधला अ‍ॅसिटिल गट रक्तातील बिंबिकांमधल्या (प्लेटलेटमधल्या) एका विकराला (एन्झाइमला) कायमचा जखडतो. बिंबिकांना केंद्रक नसल्याने त्यांना ते विकर पुरेसे नव्याने घडवता येत नाही आणि त्या आपल्या आठ-दहा दिवसांच्या आयुष्यातील उरलेल्या काळात गुठळी धरण्यात मागे पडतात. साध्या सॅलिसिलेटाला हे साधत नाही. त्यामुळे हृदयविकाराच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी रोज घ्यायला सांगितलेली छोटी गोळी बंद करून कोणी हा चहा सुरू केला, तर ती अदलाबदल नव्हे. ते उपचार थांबवणेच होय.

पोटाला अपाय नाही, हे तिसरे. या वनस्पतीत टॅनिने (तुरट द्रव्ये) भरपूर असतात आणि युरोपातील घरगुती परंपरेत ती पोटाच्या तक्रारींवरही देत आले आहेत, हे मान्य. परंतु युरोपीय औषध संस्था तिला केवळ दीर्घ वापराच्या आधारावर, किरकोळ सांधेदुखी आणि सर्दीपुरतीच मान्यता देते. शिवाय सॅलिसिलेटाची अ‍ॅलर्जी असणाऱ्यांना ती वर्ज्य सांगते आणि अठरा वर्षांखालील मुलांना न देण्याची शिफारस करते. पुढे पाठवल्या जाणाऱ्या मजकुरात मात्र ‘लहानमोठे सर्वांनी घ्यावा’ असे असते.