आक्षेपित मतदार

माझ्या डाव्या तर्जनीवर मार्करचा जाड काळा पट्टा आहे. साबण, खोबरेल, भांड्यांची घासणी, सगळं करून झालं. ऑफिसात जो तो विचारतोय, "कुठलं मतदान होतं हो?" मतदान मुलीच्या शाळेत होतं आणि मी ते केलेलं नाही. नुसती शाई लावून घेऊन आलोय.

दहावीच्या राज्यशास्त्रात 'निवडणूक प्रक्रिया' नावाचा धडा आहे. इतिहासासकट सगळा मिळून ४० गुणांचा पेपर, त्यामुळं राज्यशास्त्राकडं कोणी ढुंकून बघत नाही. पण आमच्या पोरीचे सर हौशी. त्यांनी थेट शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक लावली आणि सहभाग दिसावा म्हणून पालकांनाही मतदार केलं. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणतात ते काय उगीच नाही.

तयारी मात्र बघण्यासारखी होती. खऱ्या मतदानाआधी यंत्रावर निदान ५० मतांचं अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान घेतात. इथं अभिरूप मतदानाचंसुद्धा अभिरूप मतदान झालेलं. मत कुणाला गेलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र, व्हीव्हीपॅट, म्हणजे इथं टीव्हीचं रिकामं खोकं. त्याला चौकोनी भोक, भोकावर चिकटपट्टी, आणि आत पाचवीतला एक पोरगा मांडी घालून बसलेला. मतदार ज्या चिन्हावर बोट ठेवील त्याची चिठ्ठी तो भोकाला धरायचा, खणखणीत आवाजात एकपासून सातपर्यंत मोजायचा आणि चिठ्ठी खाली सोडायचा. सात सेकंद म्हणजे सातच. मतदान अगदी गुप्त होतं, फक्त त्या पोराला सगळ्यांचं ठाऊक होतं. मधल्या सुट्टीत त्याचा भाव काय वधारला असेल!

माझा नंबर आला. शाई लावायचं काम मिळालेली मुलगी इतकी उतावीळ, की यादीत नाव सापडायच्या आधीच तिनं माझं बोट धरून रंगवलं. आणि तेवढ्यात बाकावरून आवाज आला, "आक्षेप!"

आमच्याच गल्लीतला, समोरच्या घरातला पोरगा. आठवीत आहे. छातीवर 'मतदान प्रतिनिधी', म्हणजे उमेदवाराचा केंद्रावरचा माणूस, असा पुठ्ठा टाचणीनं लावलेला. त्याचा चेंडू माझ्या कुंडीवर येऊन पडला होता आणि तो मी तोवर परत दिलेला नव्हता, हे इथं सांगायला हवं.

"ह्या मतदाराच्या ओळखीवर आक्षेप आहे," तो म्हणाला. "मी ह्यांना ओळखत नाही."

"अरे, तुझ्या दारासमोर राहतो की मी!"

"मॅडम, मतदार प्रतिनिधीशी बोलायलेत."

मॅडम म्हणजे केंद्राध्यक्ष. नववीतली, दोन वेण्या, समोर पुस्तिका. तिनं पान उलटलं. "आक्षेप घ्यायला दोन रुपये अनामत भरावी लागते. रोख."

नियम खरा आहे. १९६१ च्या निवडणूक नियमांत आहे, आणि तिथं रक्कम दोन रुपयेच लिहिलीय. पेट्रोल वाढलं, चहा वाढला, माणसाच्या ओळखीवर संशय घ्यायचा दर तेवढाच राहिला. पोरानं खिसे चाचपले. एकातून चिंचोके निघाले, दुसऱ्यातून अर्धं खोडरबर. मग तो माझ्याकडंच वळला.

"काका, दोन रुपये सुट्टे हायेत का?"

मी दिले. मागं रांगेतले पालक फिदीफिदी हसत होते, करणार काय!

चौकशी सुरू झाली. यादी सरांनी वर्गाच्या हजेरीवरून केलेली. नाव माझं आणि वय माझ्या पोरीचं पडलेलं.

"इथं वय १४ आहे. तुम्ही १४ चे आहात का?"

"बाई, १४ चा असतो तर मत तरी असतं का? वय १८ लागतं. १९८९ च्या आधी तर २१ लागायचं!"

"म्हणजे तुम्ही यादीप्रमाणं अपात्र आहात," ती शांतपणे म्हणाली आणि लिहून घेतलं.

"अगं, ही कारकुनी चूक आहे. ती सोडून द्यायची असते."

"कारकुनी चूक वेलांटीची असती काका. तीस-तीस वर्षांची नसती. दुरुस्तीचा नमुना ८ भरा, पुढच्या वेळंला बघू."

आक्षेप मान्य झाला. नियमानं अनामत परत मिळते. ती भरणाऱ्याला, म्हणजे त्या पोराला मिळाली. माझेच दोन रुपये! स्काउटच्या टोपीतल्या एका पोलिसानं मला चुन्याच्या रेघेपलीकडं नेऊन सोडलं. सर तिथंच मोबाईल घेऊन उभे. "चिडू नका हो, पोरं शिकायलीत. जरा बोट वर करा."

पोरं शिकतात, आनंद आहे. पण कशासाठी शिकतात? आमच्या महापालिकेची निवडणूक २०१७ मध्ये झाली, ती पुन्हा थेट २०२६ च्या जानेवारीत. संभाजीनगरला तर २०१५ नंतर २०२६ उजाडलं. मुदत पाच वर्षांची असते. मधली वर्षं प्रशासक. नळाला पाणी का येत नाही हे विचारायला नगरसेवकच नव्हता, आणि त्यावर कोणी दोन रुपये भरून आक्षेप घेतल्याचं ऐकिवात नाही. हीच पोरं उद्या कॉलेजात जातील. तिथल्या थेट निवडणुका १९९० च्या दशकात बंद झाल्या. २०१६ च्या विद्यापीठ कायद्यात परत आल्या, पण कागदावरच. म्हणजे आठवीत जो आक्षेप घ्यायला शिकला, त्यानं पुढं तो घ्यायचा कुठं? माझ्यावर?

रात्री पालकांच्या ग्रुपवर माझा बोट वर केलेला फोटो आला. खाली ओळ, 'हक्क बजावताना जागरूक पालक.' खुलासा लिहायला गेलो तर त्या ग्रुपवर फक्त अॅडमिनच बोलू शकतो.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो पोरगा दारात. "काका, चेंडू."

"तू कोण?" मी म्हटलं. "ओळखपत्र दाखव."

तो काही न बोलता घरी गेला आणि आजीला प्रतिनिधी म्हणून घेऊन आला. आजीनं अनामत भरली नाही, ओळख पटवली नाही. सरळ आत आली, कुंडीमागून चेंडू उचलला आणि जाता जाता म्हणाली, "लेकराच्या मागं लागायला लाज नाही वाटत का रे?"