मेंढ्यांची वाट सातबाऱ्यावर नसते

महाराष्ट्राच्या वर्तमानपत्रांत धनगर हा शब्द दिसला की बातमी बहुतेक आरक्षणाची असते. मेंढ्यांची असलीच, तर चराईवरून वनखात्याशी झालेल्या भांडणाची. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये बसून या बातम्या वाचताना दर वेळी वाटतं, इथे पुढारी बोलतायत, वकील बोलतायत, निसर्गप्रेमी बोलतायत; पण कळपाबरोबर वर्षभर हिंडून त्या जगण्याचा हिशेब मांडलेला माणूस कुठेच नाही. अशी माणसं आपल्याकडे झालीच नाहीत म्हणावं, तर तेही खरं नाही.

या अभ्यासाला मानवी परिस्थितिकी म्हणतात. कोण कुठल्या जमिनीवर, कुठल्या हंगामात, कशावर जगतो आणि शेजाऱ्याशी त्याचं कसं जमतं, हा त्याचा विषय. माझ्या या गावाचं त्याच्याशी जुनं नातं आहे. इथल्या विद्यापीठात सामाजिक मानवशास्त्राचा विभाग 1961 मध्ये फ्रेडरिक बार्थ यांनी सुरू केला. त्याआधी ते आत्ताच्या पाकिस्तानातल्या स्वात भागात राहून आले होते. पठाणांची वस्ती वर्षाला दोन पिकं निघतात तिथपर्यंतच पोचलेली त्यांना दिसली. त्याच्या वर, जिथे एकच पीक येतं, तिथे कोहिस्तानी शेतीला जनावरांची जोड देऊन राहत. गुजर या दोघांच्या मधल्या जागांत गुरं चारत. मुलूख एकच, पण तिघांची पोटाची सोय वेगळी, म्हणून तिघेही टिकले. प्राण्यांच्या अभ्यासातली ही कल्पना माणसांना लावणारा बार्थ यांचा लेख 1956 मध्ये आला. त्याआधीचा त्यांचा कुर्दिस्तानवरचा प्रबंध ओस्लोत नाकारला गेला होता. मानवशास्त्र शिकून ‘पुढे काय?’ हा प्रश्न सध्या आमच्या घरी निघतो, तसा तेव्हा त्यांच्याही घरी निघाला असेल.

हीच नजर महाराष्ट्रावर फिरवली परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा यांनी. मल्होत्रा हे इरावती कर्व्यांबरोबर काम केलेले मानवशास्त्रज्ञ. 1982 मध्ये या दोघांचा गवळी धनगरांवरचा लेख आला: सह्याद्रीच्या माथ्यावर म्हशी राखणारे गवळी, खाली खोऱ्यात भात पिकवणारे कुणबी, आणि ही घडी पुढे कशी विस्कटली. पुढच्याच वर्षी भटक्या शिकारी जमातींवरचं काम आलं, ते मला अजून जास्त आवडतं. नंदीवाले कुत्री घेऊन रानडुक्कर, साळिंदर, घोरपडीच्या मागे. वैदू मुंगूस, रानमांजर असले छोटे प्राणी सापळ्यात धरणार, शिवाय खेकडे-कासवं. फासेपारध्यांचे फास हरणांसाठी आणि पाखरांसाठी. तिघांचं रान एक, पण एकाने दुसऱ्याच्या ताटात हात घातला नाही. पारध्यांच्या कपाळी इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हेगारीचा शिक्का मारला, तो 1952 मध्ये कागदावरून गेला. वीस वर्षांनी वन्यजीव कायदा आला आणि परवान्याशिवाय शिकार गुन्हा ठरली. प्राण्यांना संरक्षण हवंच होतं. पण या लोकांनी आता खायचं काय, याचं उत्तर कुठल्याच कलमात नव्हतं.

माझ्या भाचीला मानवशास्त्र घ्यायचं आहे. घरच्या ग्रुपवर त्यावरून रोज खल चालतो. ‘मावशी, तुझ्याकडे तरी या लोकांना नोकऱ्या मिळतात का गं?’ असं तिने विचारलं. मिळतात, आणि त्याचं कारण नॉर्वेजियन माणूस फार संवेदनशील आहे हे नव्हे. इथे रेनडिअरच्या चराईचे हंगामवार नकाशे आहेत, सरकारी, कुणालाही पाहता येतील असे. वसंतातली कुरणं वेगळी, हिवाळ्यातली वेगळी, कळपांच्या जाण्यायेण्याच्या वाटाही आखलेल्या. त्या जमिनीवर काही मोठं उभारायचं, तर कळपांचं काय होईल याचा अहवाल आधी लागतो. तो लिहायला माणूस लागतो.

तरीही इथल्या फोसेन भागातलं प्रकरण घडलंच. रेनडिअर राखणाऱ्या सामी या मूळनिवासी लोकांच्या हिवाळी कुरणांवर 151 पवनचक्क्या उभ्या राहिल्या. खालच्या कोर्टाने म्हटलं, भरपाई घ्या आणि थंडीत जनावरांना कुंपणात चारा घाला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2021 मध्ये ते मानलं नाही. कुंपणातला चारा ही सामींची रीत नव्हे आणि त्यांच्या संस्कृतीचा हक्क मोडला गेला, असा निकाल दिला. पात्या मात्र आजही फिरतायत. पुढे दोन समझोते झाले, भरपाई ठरली. म्हणजे कोर्टात जिंकूनही कुरण परत मिळालं नाही. नॉर्वेचे गोडवे गाणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

आपल्याकडचा पेच हुबेहूब असाच आहे, फक्त त्यात कोर्टापर्यंत न्यायला कागद नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत गायरानांवर सौर पॅनेल उभे राहतायत. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी, याच्या मी पूर्ण बाजूची आहे. पण सौर प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. गायरान सरकारचंच, म्हणून भूसंपादन नाही. भूसंपादन नाही, म्हणून 2013 च्या भूसंपादन कायद्यातला सामाजिक परिणामांचा अभ्यासही नाही. मानवशास्त्रज्ञाला बोलावण्याचा प्रसंगच येणार नाही, अशी ही वाट आहे. मग नोकऱ्या कुठून निघणार?

आणि काम तर ढीगभर पडलंय. दिवाळीनंतर धनगरांचे कळप घाट उतरतात. रिकाम्या झालेल्या शेतात वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, मेंढ्या बसवतात, सकाळी लेंडीखताचा थर पडलेला असतो आणि शेतकरी त्याबद्दल धान्य किंवा पैसे देतो. हा व्यवहार सातबाऱ्यावर दिसत नाही, कुणाच्या नकाशावरही नाही. गायरान दुसऱ्या कामाला देण्याआधी एक पूर्ण वर्ष तिथली वहिवाट नोंदवा, आणि त्यासाठी प्रत्येक जिल्हाधिकारी कार्यालयात या विषयातला एक माणूस नेमा, इतकी साधी मागणी कुणी का करत नाही? तलाठी जानेवारीत पंचनाम्याला जातो, तेव्हा मेंढ्या कोकणात असतात. माळ मोकळा दिसतो, तो ‘वापरात नाही’ असं लिहितो, आणि त्याच्या बाजूने ते खोटंही नसतं.