माझ्याविषयी की माझ्याशी

माझ्या मावसबहिणीचा चार वर्षांचा मुलगा गेला. तीन दिवस ताप आला आणि गेला. शोकसभेत आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या एका वडीलधाऱ्यांनी सांगितलं, देवाला आपल्या बागेत एक फूल हवं होतं. मी इथे जर्मनीत, ट्युबिंगनमध्ये थिऑलॉजी (ईश्वरशास्त्र) शिकते; फोन कानाला लावून ते ऐकत होते. दोन दिवस गप्प बसले. मग नातेवाइकांच्या ग्रुपवर एवढंच विचारलं : हे पवित्र शास्त्रात कुठे लिहिलंय?

त्यावरून जे पेटलं ते महिना झाला तरी विझलेलं नाही. 'थिऑलॉजी शिकायला पाठवली आणि पोरगी विश्वास घालवून बसली.' 'देवाला जाब विचारणारे आपण कोण?' 'हे तिकडचं वारं लागलंय.' दुसरीकडे माझा चुलतभाऊ, जो काहीच मानत नाही : 'देव नाही एवढं कबूल कर, म्हणजे प्रश्नच मिटला.' दोन्ही बाजूंना घाई सारखीच. प्रश्न लवकरात लवकर मिटायला हवा, मग तो देवाच्या नावाने मिटो की देवाला वजा करून.

मला सगळ्यात झोंबलं ते 'तिकडचं वारं'. ज्या घरांतून हे आलं, त्यांतल्या निम्म्या घरांत पंडिता रमाबाईंचा फोटो आहे. रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 साली इंग्लंडमध्ये, वाँटिजला झाला. त्यानंतर या बाई निमूट बसल्या का? तिथल्या मठातल्या सिस्टर जेराल्डिनना त्यांनी लिहिलेली पत्रं बघा. त्र्येकत्वावर (पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव, या शिकवणीवर) शंका, चर्चच्या अधिकारावर शंका. एका पुरोहितवर्गाचं जोखड मानेवरून उतरवल्यावर दुसऱ्याचं घेणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुढे त्याच बाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सगळं पवित्र शास्त्र मराठीत आणायला बसल्या. ते भाषांतर छापून आलं 1924 साली, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. शंका घेणाऱ्या बाईने आयुष्याची शेवटची वर्षं त्या पुस्तकाला दिली. आणि आम्ही म्हणतो, प्रश्न विचारला की विश्वास जातो!

ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक म्हणत, आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताच्या पायाशी आलो. आपल्या सभांमध्ये हे वाक्य हमखास येतं. पण त्याच तुकोबांनी 'माझे लेखी देव मेला' असंही म्हटलंय, हे कुणी सांगत नाही. पूल वापरायचा तर सगळा वापरावा. पवित्र शास्त्रातलं 88वं स्तोत्र संपतं ते अंधारात, शेवटच्या ओळीतही उजाडत नाही. वधस्तंभावर प्रभूने विचारलं, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' त्या 'का'ला मार्काच्या शुभवर्तमानात वरून उत्तर आलेलं नाही.

गेल्या सेमिस्टरला आमच्या हाउप्टसेमिनारमध्ये (वरच्या वर्गाच्या चर्चासत्रात) पवित्र शास्त्रातला ईयोब होता, काही दोष नसताना मुलंबाळं, सगळं गमावलेला माणूस. 42वा अध्याय, 7वं वचन. परमेश्वर ईयोबाच्या मित्राला, अलीफजला सांगतो, माझा सेवक ईयोब माझ्याविषयी जसं यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत. हिब्रूत तिथे शब्द आहे 'एलाय'. सरळ वाचलं तर अर्थ होतो 'माझ्याकडे', 'माझ्याशी'. 'माझ्याविषयी' हा अर्थही व्याकरणात बसतो, आणि भाषांतरकारांनी बहुतेक तोच घेतलाय. त्या एका शब्दावर आमचा दीड तास गेला. मी वहीत मराठीत दोन्ही शब्द एकाखाली एक लिहिले : माझ्याविषयी. माझ्याशी. मग पुस्तक मागे चाळत गेले. ईयोबाचे मित्र देवाची बाजू घेऊन अध्यायच्या अध्याय बोलतात, पण त्यांच्यातला एकही देवाशी एक शब्द बोलत नाही. ईयोब मात्र बोलता बोलता मित्रांकडून तोंड फिरवतो आणि थेट देवाशी भांडायला लागतो. पुन्हा पुन्हा. आणि शेवटी देव रागावतो ते मित्रांवर.

(त्या मित्रांचं एक मात्र चांगलं होतं. तोंड उघडण्याआधी ते सात दिवस आणि सात रात्री ईयोबापाशी जमिनीवर गप्प बसून होते. आमच्या सभेत सात मिनिटंही कुणी गप्प बसलं नाही.)

ईयोबाला कारण कधीच कळत नाही. वावटळीतून देव बोलतो तेही उलटे प्रश्नच विचारतो. मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास? त्याची मुलं का मेली, यावर अक्षर नाही. ज्यांना माझा एक प्रश्न सहन झाला नाही, त्यांना हे पुस्तक शास्त्रात कसं चालतं?

इथे असं विचारलं तर कुणी रागावत नाही. हे मी घरच्यांना पुन्हा पुन्हा ऐकवलं, जरा तोऱ्यातच. रोज श्टिफ्टवरून, म्हणजे इथल्या थिऑलॉजीच्या जुन्या वसतिगृहावरून जाते. तिथल्या श्ट्राउसने 1835 साली येशूच्या चरित्रावर, त्यातल्या चमत्कारांना मिथक म्हणणारं पुस्तक लिहिलं आणि त्याची रेपेटेंटची (शिकवणाऱ्या सहायकाची) जागा गेली. आज त्याच गोष्टी पहिल्या वर्षाच्या प्रोझेमिनारमध्ये शिकवतात आणि पोरं घड्याळाकडे बघतात. माझ्यासोबत हिब्राइकुम (हिब्रूची परीक्षा) दिलेल्या एका मैत्रिणीने पुढे दुसरी नोकरी धरली, पहिल्या पगारातून किर्खनश्टॉयर (चर्चचा कर) कापलेला पाहिला आणि श्टांडेसआम्टमध्ये (नोंदणी कार्यालयात) जाऊन चर्च सोडल्याची सही करून आली. तिला वाईट वाटल्याचं दिसलं नाही. मलाच वाटलं. रविवारी मी जाते त्या चर्चमध्ये मागच्या सहा-सात रांगा रिकाम्या असतात.

म्हणजे इथे प्रश्नाला मोकळीक आहे, पण उत्तराने कुणाचं काही बिघडत नाही म्हणूनही ती आहे. हे मी घरच्यांना सांगितलं नव्हतं. माझ्यावर चिडणाऱ्या त्या माणसांच्या रात्री देवावाचून जात नाहीत. ती चुकीचं बोलतात असं मी अजूनही म्हणते, पण ती रोज त्याच्याशी बोलतात. मी चार वर्षं त्याच्याविषयी बोलतेय. जर्मनीत, तळटीपांसकट. थिओडिसीवर, म्हणजे देव चांगला तर दुःख का या प्रश्नावर, वीस मिनिटं बोलू शकते. प्रार्थना करायला बसले की जर्मनमधून प्रार्थना-पुस्तकातली वाक्यं येतात, आणि मराठी बोलायची इतकी सवय गेलीय की 'हे स्वर्गीय पित्या' म्हणून थांबते. मी ईयोबाच्या बाजूने भांडत होते आणि बसले होते अलीफजच्या जागेवर.

या सगळ्या भांडणात मावसबहिणीने एक अक्षर लिहिलं नव्हतं. परवा रात्री तिचा फोन आला. म्हणाली, "वाचलं सगळं. तुझंही वाचलं."

मी म्हटलं, "ताई, चुकलं माझं."

"तू चुकलीस असं नाही गं. पण महिनाभरात त्याचं नाव कुणी घेतलं का? देवाचं घेतलं सगळ्यांनी. माझ्या पोराचं नाही."

मला उत्तर सुचलं नाही. खूप वेळ फोनवर फक्त तिकडच्या पंख्याचा आवाज येत होता. मग ती म्हणाली, "प्रार्थना कर. मराठीत कर. समजावू नकोस काही."

मी 'देवा' म्हटलं आणि अडले. पुढचं वाक्य येईना. तिकडून तिने लेकाचं नाव घेतलं. मग मीही घेतलं.